पाच फूट दोन, पण कुणाच्या इंचांनी?

मी उंची मोजायची सागवानी पट्टी. शिरड शहापूर सोडलं की एक रस्ता आत वळतो, त्या रस्त्यावर बारावीपर्यंतची एक शाळा आहे. तिथल्या नववीच्या वर्गात, फळ्याच्या समोरच्या भिंतीला मी ठोकलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की हळव्या होतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मीही थोडी हळवी आहे. पण त्याहून जास्त मी वैतागलेली आहे, आणि ते आधीच सांगून टाकते.

मला वसमतच्या किशनराव सुतारांनी घडवलं. साल एकोणीसशे ब्याण्णव. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. किशनरावांनी मला रंधा मारला, एका कडेला फूट-इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर काळ्या रंगाने काढले, वरून व्हार्निशचा हात दिला. पण त्यांनी मला एकटीला घडवलं नव्हतं. माझ्या पायाशी त्यांनी एक जाड फळी दिली होती. लेकराने चपला काढायच्या, त्या फळीवर चढायचं, टाचा मागे लावायच्या आणि मग गुरुजींनी डोक्यावर पाटी आडवी धरायची. माझा शून्य त्या फळीच्या पाठीवर सुरू होत होता, जमिनीवर नाही. किशनरावांनी जाताना हे दोनदा बजावलं. ऐकणारे चहा पीत होते.

पहिली वर्षं माझी फार सुखाची गेली. जुलै महिन्यात वर्गावर्गाने पोरं यायची. डोक्यावर पाटी टेकली की श्वास रोखून उभी राहायची, आणि मागच्या वर्षीपेक्षा वाढलो हे कळलं की एकमेकांना कोपर मारायची. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी माझ्यावर हात फिरवून "चांगली आहे पट्टी" असं म्हटलं होतं. माझं कौतुक तेवढंच झालं. त्यानंतर माझ्याकडे कुणी नीट पाहिलं नाही.

एका पावसाळ्यात वाळवी लागली. मी भिंतीवर होते म्हणून वाचले. फळी जमिनीला टेकलेली, ती आतून पोकळ झाली. जळबा नावाचे शिपाई होते, त्यांनी ती उचलली तर हातात भुगा आला.

"सर, हिचं काय करू?" जळबांनी विचारलं.

वर्गात विश्वंभर सर होते. इतिहास शिकवायचे आणि मोजणीचं कामही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "टाकून दे. भिंतीला पट्टी आहे ना, पुरे."

फळी गेली. मी जिथे होते तिथेच राहिले. पोरं आता जमिनीवर उभी राहू लागली, म्हणजे माझ्या शून्याच्या चार सेंटिमीटर खाली. तुम्हीच हिशोब करा. जो उभा राहील तो चार सेंटिमीटरने बुटका.

पुढच्या जुलैत सगळी शाळा खुंटली. काही पोरं वर्षभरात तसूभरही वाढली नव्हती, आणि एक दोघं तर चक्क कमी झाली होती. एवढं झाल्यावर तरी कुणी माझ्या पायाशी बघावं की नाही? विश्वंभर सरांनी पोरांकडे बघितलं. "खात नाहीत नीट," ते म्हणाले, आणि सगळ्यांना मूठभर शेंगदाणे आणि गूळ खायला सांगितलं. मी भिंतीवर उभी राहून ऐकत होते. लाकडाला तोंड नसतं, याचं दुःख मला त्या दिवसापासून आहे.

आता विश्वंभर सरांबद्दल सांगते, कारण माणूस वाईट नव्हता. ते सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचे. स्वतः अगदी ठेंगणे. फळ्याच्या वरच्या ओळीत तारीख लिहायला त्यांना टाचा उचलाव्या लागायच्या, आणि मागच्या बाकावर हमखास कुणीतरी फिसकन हसायचं. त्या माणसाला आयुष्यात एक आधार सापडला होता. तो आधार म्हणजे नेपोलियन.

नववीला नेपोलियनचा धडा होता. तो धडा आला की सर बदलायचे. आवाज चढायचा, खडू हवेत फिरायचा. "पाच फूट दोन इंच," ते म्हणायचे. "जेमतेम माझ्याएवढा. लोक हसले त्याला. हसू दिलं त्यानं. आणि मग अर्धा युरोप पायाखाली घातला." मग इजिप्तमधल्या त्या दगडी स्फिंक्सचं नाक नेपोलियनच्या तोफेनं कसं उडालं, ते सांगायचे. माझ्यासमोर हे दरवर्षी झालं. तो माणूस खरंच केवढा होता ते मला कसं ठाऊक असणार, पण मी माप आहे. कुणी आकडा सांगितला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, मोजलं कशानं? नववीच्या वर्गात हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही.

आणि या नेपोलियनचा सरांनी उपयोग काय करावा? तर ठेंगण्या पोरांची समजूत काढायला.

गावात ग्यानोबा आणि सोजराबाई हे जोडपं होतं. दोघं हळदीच्या हंगामात हळद शिजवायच्या कढईवर राबायचे, एरवी मिळेल ती मजुरी करायचे. त्यांचा मोठा मुलगा रत्नपाल. सडपातळ, काटक, पहाटे गावाच्या शिवेपर्यंत पळून यायचा. त्याला सैन्यात जायचं होतं. परभणीला भरती निघाली तेव्हा तो सरांकडे आला. सरांनी त्याला माझ्यापाशी उभं केलं.

"एकशे पासष्ट," सर म्हणाले. "एकशे अडुसष्ट लागतात रे तिथं."

"सर, पुन्यांदा बघा ना."

सरांनी पुन्हा बघितलं. आकडा तोच निघणार होता. एकशे एकोणसत्तरचं पोरगं माझ्यापाशी उभं होतं आणि मी त्याला तीन सेंटिमीटरसाठी परत पाठवत होते.

"उगाच खेटे घालू नकोस," सर मायेनं म्हणाले. "तिथं दारातूनच परत पाठवतात, पोरं रडत येतात. वाईट वाटून घेऊ नको. नेपोलियन तर तुझ्यापेक्षाही लहान होता."

रत्नपाल परभणीला गेलाच नाही. दोन वर्षांनी वसमतच्या हळदीच्या बाजारात हमाल म्हणून लागला.

त्याची धाकटी बहीण दीक्षा. ती नववीत आली तेव्हा माझ्यावर तिची उंची सगळ्या वर्गात कमी निघाली, आणि सरांनी तिचं नावच ठेवलं, नेपोलियन. सरांच्या मनात ती पदवी होती. पोरांनी मात्र त्याची चेष्टा केली. ती पाण्याच्या टाकीवर गेली तरी मागून हाक यायची, "ए नेपोलियन, हात पुरतो का?" ती वळून बघायची नाही. एकदा फक्त मधल्या सुट्टीत वर्गात कुणी नसताना ती माझ्यापाशी येऊन ताठ उभी राहिली, स्वतःच डोक्यावर हात ठेवला, वळून आकडा बघितला आणि मला एक चापट मारली. मला राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मला उपटून फेकलं असतं.

दीक्षा बारावीला होती त्या वर्षीची गोष्ट. साल दोन हजार तीन. तिला पोलिसात जायचं होतं. पळण्यात तिला मुलींमध्ये कुणी गाठत नव्हतं. पण मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागत, आणि माझ्यावर ती एकशे बावन्नच्या वर सरकत नव्हती. घरी ग्यानोबांनी सांगून ठेवलं होतं की पोलिसाचं जमणार असेल तर थांबू, नसेल तर बारावी झाल्यावर आलेलं स्थळ बघू. भरतीची जाहिरात लागली होती. दीक्षा अर्ज आणायलाही गेली नव्हती. काहून जायचं, पट्टीनं तर आधीच सांगितलं होतं.

त्याच सुमारास वसमतला वक्तृत्व स्पर्धा निघाली. विषय 'मला आवडलेला सेनानी'. सरांनी दीक्षाचं नाव दिलं, भाषण स्वतः लिहून दिलं, हातवारेसुद्धा शिकवले. अर्थात नेपोलियन. पोरगी पाठ करून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वर्गात आली. सर वह्या तपासत होते.

"काय झालं गं? नंबर आला?"

"न्हाई सर."

"उत्तेजनार्थ तरी?"

दीक्षा बाकावर बसली नाही. उभी राहूनच बोलली. "सर, परभणीचे एक रिटायर प्राध्यापक परीक्षक होते. त्यांनी सगळ्यांसमोर मला थांबवलं. म्हणले, बाळ, तुझा आवाज चांगलाय पण माहिती चुकीची हाय. स्फिंक्सचं नाक नेपोलियन जन्मायच्या आधीच गेलेलं होतं. तसं जुनं चित्र हाय म्हणले."

सरांची पेन धरलेली बोटं थांबली.

"आणि तो बुटका बी नव्हता, म्हणले."

"असं कसं? पाच फूट दोन इंच. जगाला माहीत आहे."

"पाच फूट दोनच होता, पर त्यांच्या इंचांनी," दीक्षा म्हणाली. "फ्रान्सचा तेव्हाचा इंच इंग्रजांच्या इंचापेक्षा मोठा होता. आपल्या मापानं तो साडेपाच फुटाच्या वर भरतो. त्या काळच्या तिथल्या माणसांत चांगला मधल्या उंचीचा. इंग्रजांनी आकडा तसाच उचलला आणि वर त्याची ठेंगू चित्रं काढली. लोक हसून राहिले होते सर, आणि मी तिथं उभी."

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण माझ्या अंगावर शहारा आला. दोनशे वर्षं एक माणूस बुटका ठरला, का, तर मोजणाऱ्यांनी आकडा वाचला आणि माप बघितलं नाही. मला वाटलं, आता तरी. आता तरी कुणीतरी खाली बघेल.

सरांनी बघितलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "परीक्षकांना काय, काहीही बोलतात." त्यांचा चेहरा उतरला होता. ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. त्यांच्याएवढा असलेला तो एकुलता एक मोठा माणूस कुणीतरी त्यांच्यापासून काढून नेला होता.

दीक्षा मात्र माझ्याकडे बघत होती.

"सर, आपली पट्टी कुणाच्या इंचाची हाय?"

"म्हणजे?"

"न्हाई, मोजून बघितली का कधी?"

"शाळेची पट्टी आहे ती. पट्टीला काय मोजायचं?"

ती तशीच बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात शिवणकाम करणाऱ्या जमनाबाईंचा टेप होता. तिने गुडघे टेकले, टेपचं टोक जमिनीला लावलं आणि वर ओढलं. माझ्या शंभरच्या आकड्यापाशी टेप एकशे चार दाखवत होता.

"टेप ताणला गेला असेल," सर म्हणाले. "कापडी टेप सैल होतात."

"मंग प्रयोगशाळेतली मीटरपट्टी आणू?"

"आण."

ती पळत गेली आणि एक मीटरची लाकडी पट्टी घेऊन आली. सरांनी ती स्वतःच्या हाताने जमिनीवर उभी केली. तिचं वरचं टोक माझ्या शहाण्णवपाशी थांबलं. सरांनी ती उलटी करून पुन्हा धरली. मग ते खाली वाकले. फळी गेल्यापासूनच्या सात वर्षांत पहिल्यांदा तो माणूस माझ्या पायाशी वाकला. भिंतीवर फळीचा जुना डाग होता, चुना कमी लागलेला, सरळ रेघेसारखा. माझा शून्य बरोबर त्या रेघेवर होता.

त्यांनी जळबांना हाक मारली. "इथं काहीतरी होतं का रे?"

"फळी व्हती ना सर. वाळवीनं खाल्ली. तुमीच म्हणलता, टाकून दे."

जळबांनी ते साधेपणाने सांगितलं आणि झाडू घेऊन पुढच्या वर्गात गेले. सर जमिनीवरच बसले.

दीक्षा माझ्यापाशी उभी राहिली. "मोजा सर."

सरांनी मीटरपट्टी दोनदा लावून मोजलं. एकशे छप्पन्न. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला, आणि काही क्षणांनी मलाही कळलं, तिला कोण आठवलं ते.

"दादा," ती म्हणाली. "दादाला एकशे पासष्ट सांगितलं होतं तुमी."

सरांनी मान खाली घातली.

"त्याला सांगू नका सर. आता त्याचं वय निघून गेलंय. कळून काय करायचं त्यानं? जीव जाळत बसंल."

"सांगावं लागेल," सर म्हणाले. "नाही सांगितलं तर तो जन्मभर स्वतःलाच कमी धरील."

"तुमाला काय जातंय सांगायला." दीक्षाचा आवाज चढला नाही, पण मी तिच्या तोंडून सरांना असं बोललेलं कधी ऐकलं नव्हतं. "नेपोलियन म्हणून म्हणून तुमी आमच्या डोक्यात बसवलं, बुटकं असलं तरी चालतं. चालतं काय? आमी बुटके नव्हतोच ना."

सरांनी मीटरपट्टी भिंतीला टेकवून ठेवली. ते एवढंच म्हणाले, "मीच सांगतो त्याला. तू नको सांगूस."

बाजाराला सुट्टी होती त्या दिवशी रत्नपाल शाळेत आला. सरांनी निरोप पाठवून बोलावलं होतं. त्याचा सदरा हळदीने पिवळा झालेला, नखांच्या कडाही पिवळ्या. पोत्यांनी खांदे रुंद झाले होते. मी त्याला ओळखलं ते त्याच्या उभं राहण्यावरून. अजूनही चपला आधी काढून ठेवायचा.

सरांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, जळबांवर ढकललं नाही. मग मीटरपट्टी लावली. एकशे एकोणसत्तर.

रत्नपाल माझ्याकडे वळून बघत राहिला. दीक्षा दारात उभी होती, आत यायला तिचे पाय धजत नव्हते.

"म्हणजे मी बराबर होतो," तो शेवटी म्हणाला.

"बरोबर होतास."

"परभणीला गेलो असतो तर घेतलं असतं?"

"उंचीवरून काढलं नसतं. पुढचं तुझ्या हातात होतं."

"मी आरशात बुटका माणूस बघत आलो सर. रोज." त्याने हात वर करून आपल्या डोक्यावरून भिंतीपर्यंत नेला आणि खाली घेतला. "आता काय करू ह्या उंचीचं?"

सरांचे डोळे भरले होते. रत्नपालने ते बघितलं, आणि त्याला त्यांची कीव आली की स्वतःची, मला सांगता येणार नाही. तो दाराकडे गेला आणि बहिणीला म्हणाला, "अर्ज आणला का तू?"

"न्हाई."

"तारीख हाय अजून?"

"उद्यापर्यंत."

"मंग उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. मी येतो संगं. तिथं कुणी मोजायला लागलं की आधी त्यांची पट्टी बघू."

दीक्षा रडली ती तेव्हा.

तिची निवड त्या वर्षी झाली नाही. उंचीत ती सहज पास झाली, पळण्यात पहिली आली, पण गोळा तिच्याच्याने हवा तेवढा लांब गेला नाही. मला हे सांगताना चिडचिड होते, पण झालं ते झालं. वर्षभर रत्नपाल तिच्याकडून नदीकाठच्या मोकळ्या रानात दगड फेकून घेत होता, आणि ग्यानोबांनी आलेलं स्थळ परत पाठवलं. पुढच्या भरतीत ती लागली. खाकी कपड्यात शाळेत आली तेव्हा सोजराबाईही बरोबर होत्या. त्यांना वर्ग दाखवायचा होता. दीक्षाने मला दाखवलं नाही. मी तिला दोष देत नाही.

रत्नपालने मला नवी फळी दिली. बाजारातली एक जाड फळी घासूनपुसून, खाली दोन पट्ट्या मारून, मीटरपट्टीने मापून, माझा शून्य तिच्या पाठीशी नीट जुळवून बसवली. काम झाल्यावर त्याने पोरांना एकेक करून चढवून बघितलं, आणि दर वर्षी जुलैत तो एक चक्कर मारून जातो. कुणी बोलावलेलं नसतं. येतो, वाकतो, बघतो आणि जातो.

आणि विश्वंभर सर? त्यांनी धडा बदलला. आता ते सांगतात की नेपोलियन मधल्या उंचीचा होता, आणि इंच म्हणजे इंच नसतो. हे सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही. पोरं तरी ऐकतात का? परीक्षेत अर्धा वर्ग लिहितो, 'नेपोलियन हा बुटका असूनही पराक्रमी होता.' बाजारातल्या गाईडमध्ये तसं छापलेलं आहे. सर लाल शाई घेऊन बसतात, एकेका वहीत तेच वाक्य खोडतात आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा येतं. कधीकधी मला वाटतं, हे खोटं आमच्या वाळवीपेक्षा चिवट आहे.

परवाच्या जुलैत एक लहानखुरी मुलगी फळीवर चढली. मागून एका पोराने हाक मारली, "नेपोलियन आला बघ." सगळे हसले. सर मोजणी थांबवून त्या पोराकडे वळले.

"तो बुटका नव्हता," ते म्हणाले. "आणि ही अजून वाढून राहिली."

मग त्यांनी पाटी पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवली, हळूच, केसांना धक्का न लावता.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली, आकडे पुसट झाले तरी मला चालेल. माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुम्हाला सांगितलं की अमका इतकाच होता, किंवा तुम्ही इतकेच आहात, तर आकडा ऐकून मान खाली घालू नका. खाली वाकून आधी पट्टी कुठे ठेवलीय ते बघा. आणि वाकायला मोठी माणसं तयार नसतील, तर तुम्ही त्यांच्या आधी वाका.